लूत, खरूज आणि घरातला कुत्रा

आमच्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीतील कोकणात कुत्रा घराचा असला तरी घरातला नसे. ओटीच्या पायरीपाशी त्याची हद्द संपे. शिळी भाकरी आणि माशांची डोकी हे त्याचे अन्न, अंगण हे त्याचे राज्य, आणि अंगाला लूत भरून केस झडू लागले की काठी आपटून त्याला वेशीपलीकडे हाकलणे हाच त्याच्यावरील उपचार. क्वचित एखादा दयाळू गृहस्थ खोबरेल तेलात गंधक कालवी आणि काठीच्या टोकाला चिंधी बांधून ते लांबूनच त्याच्या पाठीला फाशी. त्यातून कुत्रा बरा झाला तर त्याचे नशीब.

येथे इस्राएलमध्ये तोच कुत्रा तिसऱ्या मजल्यावरील तीन खोल्यांच्या घरात राहतो. त्याच्या कातडीखाली ओळखीची चिप असते, रेबीजची लस त्याला कायद्याने टोचून घ्यावी लागते, आणि रात्री तो नातवंडांच्या पायांशी झोपतो; काही घरांत तर उशीवरसुद्धा. वडील मंडळींना हे रुचो वा न रुचो, वस्तुस्थिती ही आहे. म्हणूनच त्याच्या कातडीला काय झाले हा प्रश्न आता आपल्याही कातडीचा झाला आहे, आणि त्याला वेशीपलीकडे हाकलण्याची सोयही राहिलेली नाही. कुत्र्याला खाज सुटल्यावर पुष्कळ कुटुंबांची मोठी तारांबळ उडते. कोणी तेल सुचवितो, कोणी पावडर, कोणी ‘देऊन टाका’ म्हणतो. या गोंधळात कुत्र्याचे हाल होतात आणि मुलांची मने दुखावतात. प्रत्यक्षात हा रोग आज बरा होण्यासारखा आहे. मात्र आधी तो नेमका कोणता हे ठरवावे लागते. त्यासंबंधी आम्ही जे वाचले, पाहिले व पशुवैद्यांकडून समजावून घेतले ते येथे मांडीत आहोत.

आपल्या भाषेत या रोगाला लूत म्हणतात. माणसाला होते ती खरूज. बोलताना आपण दोन्ही शब्द सरमिसळ वापरतो आणि केस झडलेले, खपल्या धरलेले कोणतेही जनावर ‘लुतीचे’ ठरवून मोकळे होतो. वस्तुतः या एका शब्दाच्या पोटात निदान दोन निरनिराळे रोग दडलेले आहेत. दोन्हींचे कारण एका जातकुळीचे सूक्ष्म जीव, ज्यांना माईट म्हणतात. हे कीटक नव्हेत. कोळी, विंचू आणि गोचीड यांचे ते भाऊबंद असून पूर्ण वाढ झालेल्या माईटला आठ पाय असतात. गोचीड आणि पिसू डोळ्यांना दिसतात, चिमटीत पकडता येतात. हे जीव सूक्ष्मदर्शक यंत्राखेरीज ओळखता येत नाहीत. इतके साम्य सोडले तर या दोन माईटांचे स्वभाव परस्परांच्या अगदी उलट आहेत. एकाचा संसर्ग होतो, दुसऱ्याचा जवळजवळ होत नाही. एक असह्य खाज आणतो, दुसऱ्याने प्रारंभी बहुधा खाज येतच नाही. एक बाहेरून येतो, दुसरा जन्मापासून अंगावर वस्तीला असतो. डोळ्यांनी पाहून ‘लूत’ म्हणणारा मनुष्य यांतील कोणाविषयी बोलत आहे हे त्यालाही ठाऊक नसते.

पहिल्याचे नाव सार्कोप्टिस. हाच खरा खरजेचा किडा. माणसाच्या खरजेचा माईट आणि कुत्र्याच्या खरजेचा माईट हे एकाच जातीचे दोन प्रकार होत. मादीची लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून फारशी अधिक नसते. ती कातडीच्या वरच्या थरात बोगदा खोदते आणि पुढे सरकत मागे अंडी घालीत जाते. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात, आणि सुमारे तीन आठवड्यांत पुढची पिढी अंडी घालण्यास तयार होते. कान, कोपरे, पोट आणि मागच्या पायांचे सांधे या जागा तिला विशेष प्रिय, कारण तेथे केस विरळ असतात. (मागच्या पायाचा जो सांधा आपल्याला उलट्या दिशेने वाकलेला गुडघा वाटतो, ती खरे पाहता कुत्र्याची टाच होय. मुलांना हे सांगितले की ती दिवसभर प्रत्येक कुत्र्याच्या पायांकडे पाहात बसतात, असा आमचा वर्गातील अनुभव आहे.)

गेल्या हिवाळ्यात आमच्याच इमारतीत एका आपल्या कुटुंबात हा रोग आला. आश्रमातून आणलेले सात महिन्यांचे संकरित पिल्लू. मुलांनी त्याचे नाव शोको ठेवले होते. आजी मात्र त्याला पहिल्या दिवसापासून मोती म्हणत. आणल्यावर महिनाभरात मोतीच्या कानांच्या कडांवर पिवळट करड्या खपल्या धरल्या, कोपरांवरचे केस गेले आणि पोट लालभडक झाले. रात्रभर तो इतका खाजवी की त्याच्या पायाची फरशीवरची टकटक खालच्या मजल्यावर ऐकू जाई. कोणा एका डॉक्टरने कातडी न तपासताच खाज थांबविण्याचे स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले. चार दिवस घरात शांतता होती. पाचव्या दिवशी खाज दुपटीने परतली, आणि त्याच सुमारास धाकट्या नातीच्या दोन्ही हातांवर व पोटावर बारीक लाल पुटकुळ्या उठल्या.

आम्ही भेटीस गेलो तेव्हा आजींनी नातीचा हात आमच्यापुढे धरला.

‘‘मास्तर, ही लूत आहे, दुसरं काही नाही. आमच्या रेवदंड्याला असल्या कुत्र्याला कोणी दारात उभं करीत नसे. आता तुम्हीच सांगा या पोरांना.’’

पोरे रडकुंडीला आली होती. मुलाच्या वडिलांनी आश्रमात दूरध्वनी करून कुत्रा परत घेण्याविषयी विचारलेही होते. आम्ही एवढेच म्हणालो, ‘‘मावशी, तुमचं निदान बहुतेक बरोबर आहे. पण आधी त्याची कातडी कोणाला तरी खरवडून बघू द्या.’’ दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पशुवैद्याकडे जाण्याचे ठरले आणि आम्हीही सोबत गेलो.

तेथे जे पाहिले ते सविस्तर सांगण्यासारखे आहे. पशुवैद्य बाईंनी प्रथम काहीही न करता पाच मिनिटे केवळ प्रश्न विचारले: खाज केव्हापासून, कोणत्या अंगाला आधी, घरात आणखी जनावर आहे काय, घरातील कोणाला पुरळ आहे काय. नंतर त्यांनी मोतीच्या कानाची पाळी दुमडली आणि तिची कड तिच्यावरच बोटांनी हलकेच घासली. त्याबरोबर मोतीचा त्याच बाजूचा मागचा पाय हवेतल्या हवेत खाजवू लागला. ही साधी परीक्षा आहे. खरजेने पछाडलेल्या बहुसंख्य कुत्र्यांत ती अशीच उतरते, परंतु काही निरोगी किंवा दुसऱ्या कारणाने खाजणाऱ्या कुत्र्यांतही पाय हलतो. तेव्हा तिच्यावरून संशय बळावतो इतकेच.

मग खरवडणे. बोथट पात्यावर पातळ पॅराफिनचे दोन थेंब घेऊन कानाच्या कडेवरून, कोपरावरून आणि पोटावरून, जेथे खाजवून जखम झालेली नाही अशा जागा निवडून, रुंद भागावर वरवर खरवडून नमुना घेतला जातो. तो काचपट्टीवर पसरून यंत्राखाली पाहतात. एखादा जिवंत माईट, त्याचे एखादे अंडे, किंवा तपकिरी विष्ठेचे कण यांपैकी काहीही दिसले की निदान पक्के. बाईंनी चार काचपट्ट्या पाहिल्या. चारही कोऱ्या.

‘‘म्हणजे खरूज नाही तर!’’ मुलाचे वडील सुटकेने म्हणाले.

‘‘सापडली नाही, इतकंच म्हणता येईल,’’ बाई उत्तरल्या.

या उत्तरात या रोगाचे सारे मर्म आहे. कुत्रा खाजवून बेजार झालेला असतो, पण त्याच्या सबंध अंगावर माईट अनेकदा मोजकेच असतात. खाज माईटांच्या संख्येने होत नाही; त्यांच्या लाळेला व विष्ठेला कुत्र्याच्या शरीराचा जो विरोध होतो त्याने ती होते. शिवाय कुत्रा स्वतःच्याच नखांनी त्यांतील कित्येक उखडून टाकतो. त्यामुळे खरूज असलेल्या कुत्र्यांपैकी निम्म्याहून अधिकांच्या नमुन्यांत काहीच आढळत नाही. अशा वेळी अनुभवी पशुवैद्य लक्षणांवरून संशय आला की सरळ खरजेचा उपचार करून पाहतो, आणि त्याला आलेला गुण हेच निदानाचे प्रमाण मानतो. अध्यापक विद्यालयात आम्हांला शिकविले होते की उत्तर न देणाऱ्या मुलाला उत्तर येत नाही असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. कोऱ्या काचपट्टीला हा नियम तंतोतंत लागू पडतो.

माईट न सापडण्याने विद्वानांनाही पूर्वी चांगलेच चकविले आहे. खरूज सूक्ष्म जीवामुळे होते हे इटलीतील जोव्हान्नी कोसिमो बोनोमो व त्याचा सहकारी चेस्तोनी यांनी १६८७ सालीच यंत्राखाली पाहून लिहून ठेवले होते. परंतु पुढे सव्वाशे वर्षे वैद्यांचा त्यावर विश्वास बसेना, कारण त्यांना स्वतःला तो जीव सापडेना. १८१२ मध्ये पॅरिसमध्ये गालेस नावाच्या गृहस्थाने तो सापडल्याचे जाहीर करून चित्रेही छापली. ती खरजेच्या माईटची नसून चीजमध्ये होणाऱ्या माईटची आहेत असे पुढे दिसून आले, आणि या साऱ्या विषयाचीच नाचक्की झाली. अखेर १८३४ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात कॉर्सिका बेटावरून शिकण्यास आलेल्या रेनुच्ची या विद्यार्थ्याने सर्वांसमक्ष एका रुग्णाच्या कातडीतून सुईच्या टोकावर माईट काढून दाखविला. त्याची विद्या कोणत्या ग्रंथातील नव्हती. त्याच्या बेटावरील बायका आपल्या मुलांच्या हातातून सुईने हे किडे काढीत, ते त्याने पाहिले होते. डॉक्टर पुवाने भरलेल्या फोडात शोधीत होते. त्या बायकांना ठाऊक होते की किडा फोडात नसतो, बोगद्याच्या टोकाला असतो.

मोतीला पशुवैद्य बाईंनी गोळी दिली. घरातील अंथरूण, चादरी, पट्टा हे सर्व साठ अंशांच्या पाण्यात धुऊन उन्हात वाळविण्यास सांगितले, कारण हा माईट अंगावरून खाली पडल्यावर काही दिवस, थंड व दमट जागी त्याहूनही अधिक, जिवंत राहू शकतो. घरात दुसरा कुत्रा असता तर त्याला खाज असो वा नसो, त्यालाही त्याच दिवशी औषध द्यावे लागले असते. याबाबत हयगय केली तर एक कुत्रा बरा होतो आणि दुसरा त्याला पुन्हा रोग देतो. बाईंनी आणखी एक गोष्ट बजावली: औषधाने माईट मेले तरी खाज त्याच दिवशी थांबत नाही, मेलेल्या माईटांचे अवशेष कातडीत असेतोवर दोन ते चार आठवडे ती कमी होत होत जाते. अनेक लोक आठव्या दिवशी ‘औषध लागू पडले नाही’ म्हणून दुसरे सुरू करतात ते केवळ हे ठाऊक नसल्यामुळे.

नातीचे काय? कुत्र्याच्या अंगावरील सार्कोप्टिस माणसाच्या कातडीत शिरतो, चावतो, परंतु तेथे त्याचा वंश वाढत नाही. ज्या भागांनी कुत्र्याला कवटाळले जाते, म्हणजे हात, पोट, मांड्या, तेथे पुरळ येते, आणि कुत्रा बरा झाला की दोन-तीन आठवड्यांत ते आपोआप मावळते. मात्र पुरळ बोटांच्या बेचक्यांत असेल, रात्री खाज वाढत असेल, घरातील एकामागून एक मनुष्य खाजवू लागला असेल, तर ती माणसाची खरूज असू शकते. तिच्यावर वेगळा उपचार आहे, आणि त्यासाठी कुपात होलीमच्या डॉक्टरांकडेच जावे. जाताना घरी खाजणारा कुत्रा आहे हे सांगण्यास विसरू नये. ही माहिती संकोचाने दडवली जाते असे आमच्या कानावर आले आहे. खरजेला घाणेरडेपणाचा डाग चिकटलेला आहे, पण स्वच्छातिस्वच्छ घरातही ती येते.

मोतीच्या कानांवर पाचव्या आठवड्यात केस आले. नातीचे हात त्याआधीच स्वच्छ झाले होते. आजी आता त्याला आपल्या खुर्चीपर्यंत येऊ देतात, खुर्चीवर नव्हे.

हा माईट येतो तरी कोठून? बहुधा दुसऱ्या कुत्र्याकडून, पण येथील कुटुंबांनी रानातील जनावरांचाही विचार केला पाहिजे. येथे शब्दांचा एक घोटाळा आहे. मराठी पाठ्यपुस्तकांत इसापाच्या गोष्टीतील प्राण्याला कोल्हा म्हटले जाते, पण आपला कोल्हा वेगळा आणि इसापाचा वेगळा. त्याला खोकड म्हणणे अधिक योग्य. इस्राएलमध्ये कोल्हा आणि तांबडा खोकड दोन्ही आहेत, आणि दोन्ही आता वस्तीच्या कडेला सर्रास वावरतात. २०२० साली कोरोनाच्या टाळेबंदीत तेल अवीवच्या यार्कोन उद्यानात कोल्ह्यांच्या झुंडी भरदिवसा फिरताना दिसल्या, ती चित्रे जगभर प्रसिद्ध झाली. सार्कोप्टिस या दोन्ही प्राण्यांना होतो. दक्षिणेत वाडीच्या कडेने कुत्रा मोकळा सोडणाऱ्यांनी, आणि रात्री कचरापेटीबाहेर अन्न टाकणाऱ्यांनी, हे ध्यानात ठेवावे.

आता दुसरा माईट. त्याचे नाव डेमोडेक्स. यंत्राखाली तो विडीसारखा लांबट दिसतो. पुढच्या बाजूला आखूड आठ पाय आणि मागे निमुळते शरीर. तो बोगदे खोदत नाही. केसाचे मूळ ज्या खळगीत असते तेथे तो डोके खाली करून राहतो. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आईच्या स्तनांना तोंड लावताना पिल्लाला हा माईट आईकडूनच मिळतो, आणि जवळपास प्रत्येक निरोगी कुत्र्याच्या कातडीत तो थोड्या संख्येने जन्मभर असतो. घरमालकाशी भांडण न करणारा हा भाडेकरू. पण शरीराची प्रतिकारशक्ती ढिली पडली की त्याची संख्या बेसुमार वाढते, केसांच्या खळग्या त्याने गच्च भरतात, केस गळतात, आणि मागोमाग जंतूंचा शिरकाव होऊन कातडी सुजते, पिकते, दुर्गंधी सुटते.

एका वर्षाच्या आतील पिल्लाच्या तोंडावर, डोळ्यांभोवती किंवा पुढच्या पायांवर केस गेलेले दोन-चार चट्टे पडले, आणि ते फारसे खाजत नसले, तर बहुधा ही वाढत्या वयातील डेमोडेक्सची लूत असते. अशी दहांपैकी नऊ पिल्ले काहीही न करता दोन-तीन महिन्यांत बरी होतात. येथे घाईने औषधांचा मारा करण्याचे कारण नाही. जंत नाहीत ना, अन्न पुरेसे आहे ना हे पाहावे आणि थांबावे. रोग सर्व अंगभर पसरला तर मात्र तो गंभीर समजावा आणि ताबडतोब उपचार करावा. आणि प्रौढ, वयस्क कुत्र्याला आयुष्यात प्रथमच हा रोग झाला तर कातडीपुरता विचार करून भागत नाही. त्याच्या आत काही तरी बिघडलेले असते: थायरॉइड ग्रंथी मंदावलेली, कुशिंगचा रोग, कर्करोग, किंवा दुसऱ्या कशासाठी तरी दिलेली दीर्घकाळची स्टेरॉइडची औषधे.

या रोगाचे निदान तुलनेने सोपे आहे, परंतु खरवडण्याची रीत वेगळी. कातडीची घडी बोटांनी दाबून माईट वर आणतात आणि रक्ताचे बारीक थेंब दिसेपर्यंत खोल खरवडतात. पंजाच्या किंवा डोळ्याजवळच्या नाजूक जागी केस मुळासकट उपटून तपासतात. रक्त पाहून धन्यांचा जीव वरखाली होतो, तथापि सार्कोप्टिसप्रमाणे वरवर खरवडून डेमोडेक्स हाती लागत नाही. तो आढळलाच नाही तर बहुतांश वेळा त्याला यादीतून काढून टाकता येते. त्याचा संसर्ग एका कुत्र्याकडून दुसऱ्याला, किंवा माणसाला, होण्याची भीती बाळगू नये. चादरी उकळण्याचीही गरज नाही.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनाविषयी आम्ही एवढ्या आग्रहाने का लिहितो हे आता लक्षात येईल. खरजेत योग्य औषधाच्या जोडीला ते थोडे दिवस दिले तर कुत्र्याला आराम पडतो. एकटे दिले तर रोग झाकला जातो. आणि रोग डेमोडेक्सचा असेल तर ते आगीत तेल ओतणे ठरते, कारण प्रतिकारशक्ती खाली आणणे हेच त्या औषधाचे काम. कातडी न खरवडता दिलेल्या इंजेक्शनाला नम्रपणे नकार देण्याचा धन्याला अधिकार आहे.

तेलाचा विषय निघालाच आहे. आपण तर शनवार तेल्यांचे वंशज. तेलावरची आपली श्रद्धा पिढीजात. खोबरेलातील गंधकाविषयी आम्ही थट्टेने बोललो असलो तरी त्यात तथ्य होते. गंधकाने माईट मरतो, आणि चुना व गंधक यांचे द्रावण आजही काही पशुवैद्य, विशेषतः फार लहान पिल्लांसाठी, वापरतात. करंजेल लावण्याचीही जुनी चाल आहे, परंतु तेवढ्यावर विसंबून कुत्र्याला महिनोन्‌महिने खाजवत ठेवू नये. गॅरेजमधील जळके ऑइल किंवा रॉकेल फासण्याचा प्रकार मात्र क्रूर आहे. त्याने कातडी भाजते, आणि कुत्रा अंग चाटीत असल्याने ते विष त्याच्या पोटात जाते.

पुढे अमिट्राझ हे औषध आले. पंधरा-पंधरा दिवसांनी त्याच्या पाण्याने कुत्र्याला भिजवावे लागे. गुण येई, पण कुत्रा सुस्तावून पडे, रक्तातील साखर वाढे, आणि ज्या मनुष्याला मधुमेह आहे त्याने ते हाताळणेही धोक्याचे होते. त्यानंतर आयव्हरमेक्टिन. जपानमधील सातोशी ओमुरा यांनी एका गोल्फ मैदानाजवळून आणलेल्या मातीतील सूक्ष्म जीवापासून ते लाभले. ओमुरा व विल्यम कॅम्पबेल यांना त्यासाठी २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गुराढोरांसाठी आणि माणसांच्या काही भयंकर रोगांसाठी ते वरदान ठरले. परंतु कॉली व तिच्या नात्यातील मेंढपाळ जातींच्या काही कुत्र्यांत एका जनुकाचा दोष असतो. त्यामुळे मेंदूचे रक्षण करणारा बांध या औषधाला अडवीत नाही, आणि मोठ्या मात्रेने असा कुत्रा बेशुद्ध होऊन दगावू शकतो. हा दोष २००१ मध्ये ओळखला गेला. मोशाववरील घोड्यांसाठी आणलेली आयव्हरमेक्टिनची पेस्ट अंदाजाने कुत्र्याच्या तोंडात पिळणाऱ्यांना हे सांगणे अगत्याचे आहे. संकरित कुत्र्याच्या रक्तात कोणती जात आहे हे त्याच्या तोंडावर लिहिलेले नसते.

२०१४ च्या सुमारास पिसवा व गोचिडांसाठी गोळ्यांचा एक नवा वर्ग बाजारात आला: फ्लुरालानेर, अफॉक्सोलानेर, सारोलानेर, लोटिलानेर. त्या दोन्ही माईटांवर उत्तम चालतात असे लवकरच दिसून आले, आणि या रोगाचे स्वरूपच पालटले. यांतील फ्लुरालानेरची गोळी बारा आठवडे टिकते, इतर महिन्याला एक द्यावी लागते. पूर्वी सहा-सहा महिने भिजविण्याचे जे उपद्व्याप करावे लागत त्यांच्या जागी मांसाच्या चवीची एक गोळी आली. दोष यांतही आहे: काही कुत्र्यांना फेफऱ्यासारखे झटके येऊ शकतात, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये तसा इशाराही दिला. आपल्या कुत्र्याला पूर्वी कधी झटका आला असल्यास गोळी घेण्याआधी तो सांगितलाच पाहिजे. घरात मांजर असेल तर आणखी एक सावधगिरी. कुत्र्यांच्या मानेवर टाकावयाच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असते. कुत्र्याला ते सोसते, मांजराचा जीव घेते.

लुतीसारखे दिसणारे पण लूत नसणारे रोगही आहेत. पिसवांच्या चाव्याची अॅलर्जी शेपटीच्या मुळाशी आणि पाठीच्या मागच्या भागावर खाज आणते. गजकर्ण बुरशीने होतो आणि मुलांना लागतो. कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ साचला तर तो कानातील निराळ्या माईटचा असू शकतो. या देशात विशेष लक्षात ठेवावा असा रोग म्हणजे लीशमानिया. बिहार व बंगालमधील काळा आजार ज्या कुळातील परजीवीने होतो, त्याच कुळातील परजीवी येथे वाळूमाशीच्या चाव्याने कुत्र्यांत शिरतो. डोळ्यांभोवतीचे केस जाणे, कोंडा सुटणे, कानांच्या कडा झडणे ही त्याचीही लक्षणे आहेत. पण त्याबरोबर कुत्रा रोडावतो, नखे वेडीवाकडी वाढतात, नाकातून रक्त येते. त्याला रक्ताची तपासणी लागते. वाळूमाशी माणसालाही चावते, म्हणून त्याची शंका आल्यास विलंब करू नये.

पशुवैद्याकडे जाताना कुत्र्याला दोन दिवस आधी आंघोळ घालून चकचकीत करून नेऊ नये. खपल्या धुतल्या की तपासण्यास काही उरत नाही. खाज केव्हा सुरू झाली, आधी खाज की आधी केस जाणे, आजवर कोणती औषधे दिली, हे कागदावर लिहून न्यावे. पुष्कळ आजी-आजोबांना हिब्रूत हे सांगणे अवघड जाते, मग ते ‘खाज आहे’ एवढेच सांगून परततात. नातवंडांनी त्यांच्यासोबत जावे.

डेमोडेक्समध्ये उपचार केव्हा थांबवावा याचा नियम कडक आहे. केस उगवले, कुत्रा सुंदर दिसू लागला, म्हणून गोळी बंद करावयाची नसते. एकेका महिन्याच्या अंतराने लागोपाठ दोन वेळा खरवडून दोन्ही नमुन्यांत एकही माईट आढळला नाही, तरच थांबावे. ज्या मादीला अंगभर हा रोग झाला असेल तिची पिल्ले घेऊ नयेत, कारण प्रतिकारशक्तीतील तो कच्चेपणा वंशात उतरतो. अशा मादीची शस्त्रक्रिया करून घेणे इष्ट.

आमच्या एका सहकारी शिक्षकाच्या अकरा वर्षांच्या कुत्र्याला या वर्षी तोंडावर व छातीवर चट्टे पडले. खाज नव्हती, पण तो पाणी फार पिई आणि त्याचे पोट लोंबू लागले होते. खरवडून घेतलेल्या नमुन्यात विड्यांचा ढीग दिसला. रक्ताच्या तपासणीत कुशिंगचा रोग निघाला. आता दोन्ही औषधे चालू आहेत. पहिला नमुना निर्मळ आला. दुसरा पुढल्या महिन्यात घ्यावयाचा आहे, आणि तोपर्यंत गोळी चालूच आहे.